आपलाच संघ, आपलाच पेपर

ताई,

मी 26 वर्षांचा आहे, कळव्यात राहतो. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी ठाण्यातल्या एका स्थानिक दैनिकासाठी खेळाच्या बातम्या, असं चाललंय. मानधन पेट्रोलपुरतं, पण कबड्डीचं वेड आहे.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या मंडळाने स्पर्धा भरवली होती. उपांत्य सामन्यात यजमान संघ रायगडच्या एका संघाकडून 31-33 असा हरला. मध्यंतराला आपण 19-11 पुढे होतो. पाच मिनिटं उरली तेव्हाही 28-23. मग आपल्यावर लोण चढला, म्हणजे सगळे गडी बाद होऊन समोरच्यांना दोन जादा गुण, आणि सगळं फिसकटलं. मी तसंच लिहिलं. आपल्या पोरांनी घाई केली, तिसऱ्या चढाईला चुकीचा माणूस पाठवला, कोपरारक्षकाने दोनदा उगाच झेप घेतली. एका बोनस गुणावरून वाद झाला होता, तोही एका ओळीत लिहिला. सकाळी पेपर उघडला तर शीर्षक होतं, 'पंचांच्या सदोष निर्णयांचा यजमानांना फटका'. पहिला परिच्छेद बदललेला आणि नाव माझं. संपादकांना विचारलं तर म्हणाले, "आपला पेपर ठाण्याचा आहे, रायगडचा नाही."

माझे काका त्या मंडळाचे खजिनदार आहेत. शीर्षक त्यांना आवडलं, पण खालचा मजकूर वाचून भडकले. चारचौघांत म्हणाले, "खाल्ल्या घरचे वासे मोजतोय." पंचांपैकी एक जण कल्याणच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहेत. त्यांनी मला कात्रणाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. सोबत एक शब्दही नाही.

स्थानिक पेपरने स्थानिक संघाची बाजू घ्यायचीच असते का? मी गद्दारी केली का? काम सोडून द्यावं का? बातमी आणि गुणपत्रिका, दोन्हींचे फोटो सोबत पाठवतोय.

एक वार्ताहर, कळवा


प्रिय वार्ताहर,

तुमच्यावर तिघे नाराज आहेत. काका आणि संपादक बोलून मोकळे झाले. क्रीडाशिक्षक बोललेच नाहीत, म्हणून आधी त्यांना फोन करा. "शीर्षक मी दिलं नव्हतं" एवढं सांगून सुटू नका. ते खरं आहे, पण त्यांच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत ती बातमी फिरली असणार आणि तिच्यावर तुमचं नाव आहे. त्या बोनसच्या वेळी त्यांना काय दिसलं ते विचारा आणि लिहून घ्या. सामना संपल्यावर दहा मिनिटांत विचारायला हवा होता तो हा प्रश्न. आपल्याकडे तो कोणी विचारत नाही. पंचांना फक्त शिव्या घालायच्या असतात, त्यांचं म्हणणं ऐकायचं नसतं, अशी एक रीतच पडून गेलीय.

गुणपत्रिका पाठवलीत हे फार बरं केलंत. ती समोर घेऊन बसले. 28-23 असताना आपले दोनच गडी मैदानात होते. त्यांच्या 7 नंबरच्या चढाईपटूने एकाच चढाईत दोघांनाही टिपलं. दोन गुण ते, वर लोणचे दोन, झाले 28-27. मग आपण एक मिळवला. त्यानंतर तो गाजलेला बोनस. समोर सहा किंवा जास्त गडी असतील तरच चढाईपटूला बोनस रेषा ओलांडून तो गुण मिळतो. लोणनंतर आपले सातही गडी आत आलेले होते, म्हणजे बोनस मिळू शकत होता यात शंका नाही. वाद एवढाच, की रेषा ओलांडताना त्यांच्या चढाईपटूचा मागचा पाय नियमाप्रमाणे हवेत होता की मॅटला टेकलेला. 29-28. पुढे आपली तिसरी चढाई, करो या मरो (सलग दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो), आणि पकड. 29-29. मग पुन्हा त्याच 7 नंबरने दोन टिपले, आणि शेवटी 31-33.

आता तो बोनस पुसून टाका. 31-32. तरी हरलोच.

"तो गुण दिला नसता तर पुढचा सगळा खेळच बदलला असता," असं म्हणणारे भेटतील. काका म्हणतीलच. मान्य. पण मग लोणनंतरही खेळ बदलला होता, आणि लोण पंचांनी दिला नव्हता. शिवाय वाद एका निर्णयाचा, आणि शीर्षकात मात्र 'सदोष निर्णयांचा'. हे अनेकवचन डेस्कवर जन्माला आलं. आणि संघाने लेखी तक्रार दिल्याचा उल्लेख तुमच्याही मजकुरात नाही आणि बदललेल्याही नाही. तक्रार दिलीच नसेल, तर जो आरोप खुद्द संघाने केला नाही तो पेपरने स्वतःच्या खिशातून केला. रात्रभर मैदानावर उभं राहून हातात पडणारं मानधन बघितलं, तर आपल्याकडे पंचगिरी म्हणजे हौसेचंच काम. त्या माणसाच्या प्रामाणिकपणावर असा शेरा मारायचा तर हातात काहीतरी हवं.

आता संपादकांच्या वाक्याकडे येते. "आपला पेपर ठाण्याचा आहे" हे वाक्य मला चुकीचं वाटत नाही. तुम्हाला ते टोचलं, पण त्यात तथ्य आहे. कळव्याचा संघ उपांत्य फेरीत गेला ही बातमी ठाण्याचा पेपर छापणार नाही तर कोण छापणार? रणजी स्पर्धेचंच बघा. राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात. त्यात ठाण्याचा संघ नाही, आपली मुलं मुंबईकडून खेळतात. 2024 च्या उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध दहाव्या क्रमांकावर आलेल्या तनुष कोटियनने नाबाद 120 आणि अकराव्या क्रमांकावरच्या तुषार देशपांडेने 123 धावा केल्या. शेवटच्या जोडीने 232 धावांची भागी रचली. जगासाठी तो मुंबईचा तुषार देशपांडे. तो कल्याणचा आहे, हे कल्याण-ठाण्याच्या पेपरांनी ठळक अक्षरांत सांगावं, त्याचा फोटो चार कॉलमी छापावा. त्यात खोटं काही नाही आणि लाज वाटण्यासारखंही नाही. आपल्या गावच्या पोराचं कौतुक गावच्या पेपरने केलं तर त्याला मी पक्षपात म्हणणार नाही.

गडबड सुरू होते ती दुसरीकडे, आणि ती कौतुकापेक्षा जास्त लपलेली असते. पुढच्याच वर्षीचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी 2025, नागपूर, रणजीचा उपांत्य सामना, विदर्भ विरुद्ध मुंबई. मुंबईच्या पहिल्या डावात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे एकाच षटकात बाद झाले. शेवटी मुंबई 80 धावांनी हरली. आता तुम्ही मुंबईत किंवा ठाण्यात बसून ही बातमी लिहिताय. हात आपोआप काय लिहील? 'मुंबईचे दिग्गज अपयशी', 'सूर्यकुमार शून्यावर बाद', 'मधली फळी कोसळली'. एकही शब्द खोटा नाही. पण ते षटक कोणी टाकलं? पार्थ रेखडे नावाच्या डावखुऱ्या फिरकीपटूने. नागपुरात बसलेला माणूस वाक्याची सुरुवातच त्याच्यापासून करेल. दोघंही मराठीत लिहिणार, धावफलक दोघांसमोर तोच. पण एकाच्या बातमीत मुंबई आपोआप पडते आणि दुसऱ्याच्या बातमीत तिला कोणीतरी पाडतं.

आणि आता जरा रागावू नका. तुमची मूळ बातमी मी वाचली, ती जी तुम्हाला निःपक्षपाती वाटतेय ती. 'घाई केली', 'चुकीचा माणूस पाठवला', 'उगाच झेप घेतली'. सगळ्या क्रिया आपल्याच. रायगडचा तो 7 नंबर, ज्याने चार मिनिटांत दोन वेळा दोन-दोन गडी टिपून सामना फिरवला, त्याचं तुमच्या बातमीत नावसुद्धा नाही. संपादकांच्या शीर्षकात आपण पंचांमुळे हरलो, तुमच्या मजकुरात आपण आपल्यामुळे हरलो. तो संघ जिंकला, हे दोघांच्याही लेखी झालंच नाही! तुम्ही खेळाडूंवर टीका केलीत म्हणून तुम्ही तटस्थ ठरलात असं नाही. स्वतःच्या घरावर रागावणारा माणूसही घराबद्दलच बोलत असतो.

हे सुधारायला फार काही लागत नाही. बातमी लिहून झाली की प्रत्येक वाक्यातला कर्ता तपासा. सलग पाच वाक्यांत 'यजमान', 'आपले', 'ठाण्याचे' असेच कर्ते असतील, तर सहावं वाक्य समोरच्या संघापासून सुरू करा. त्यासाठी त्यांच्या खेळाडूंची नावं माहीत हवीत, आणि ती मिळवायला मैदान ओलांडून पलीकडे जावं लागतं. तुम्ही बसता कुठे हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. आपल्या स्पर्धांमध्ये वार्ताहराची खुर्ची व्यासपीठाच्या बाजूला असते. माइक यजमानांचा, निवेदक 'आपल्या मातीतला वाघ' म्हणून घसा फोडतोय, मध्येच सामना थांबवून कुणाचा तरी सत्कार, शेजारी तुमचे काका. तिथे बसून मागचा पाय हवेत होता की नाही हे तुम्हाला तुमच्या डोळ्यांनी दिसणार की व्यासपीठाच्या? उत्तरार्धात उठा आणि गुणलेखकाच्या टेबलामागे जाऊन उभे राहा. तिथून सामना वेगळा दिसतो.

अमेरिकेत यावर एक जुना अभ्यास झालाय. 1951 साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांच्या संघांत फुटबॉलचा सामना झाला, त्यांचा तो अंगावर धावून जायचा फुटबॉल. प्रिन्स्टनच्या हुकमी खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांच्या पेपरांनी एकमेकांवर यथेच्छ चिखलफेक केली. मग अल्बर्ट हेस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या मुलांना सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथने केलेले नियमभंग प्रिन्स्टनच्या मुलांना सरासरी दहाच्या आसपास दिसले, डार्टमथच्या मुलांना चारांच्या थोडे वर. पडद्यावर चित्र एकच होतं आणि मुलं खोटंही बोलत नव्हती, त्यांना खरंच तेवढे दिसले. म्हणून तुमच्या संपादकांनी मुद्दाम लबाडी केली असं मी लगेच धरणार नाही. रात्री अकराला कुणीतरी फोन करून 'पंचांनी मारलं आपल्याला' म्हणालं असेल आणि त्यांना ते मनापासून पटलं असेल.

पण पटलं म्हणून दुसऱ्याच्या नावावर छापायचं नसतं. संपादकांना भेटा, फोनवर नको. दोन गोष्टी मागा. एक, त्याच पानावर दुरुस्ती, तीत पंचांचं म्हणणं दोन ओळींत आणि वादग्रस्त गुण एकच होता हे स्पष्ट. दुसरी, यापुढे पहिला परिच्छेद बदलायचा असेल तर तुम्हाला विचारायचं, नाहीतर नाव काढून 'प्रतिनिधी' टाकायचं. शीर्षक देण्याचा हक्क डेस्कचाच असतो, त्यावर भांडू नका. उलट त्यांना तयार शीर्षक देत जा, ठाण्याचा जीव ज्यात अडकलाय असं. 'हातातला सामना निसटला. यजमान दोन गुणांनी पराभूत.' यात हळहळ आहे, बाजू आहे, आणि कुणावर आरोप नाही. रात्री घाईत असलेल्या उपसंपादकाला तयार शीर्षक मिळालं तर बहुधा तो ते ठेवतो, हे मी डेस्कवर बसलेली बाई म्हणून सांगते.

ते ऐकणार नाहीत अशीही शक्यता आहे. स्पर्धेच्या शुभेच्छांची अर्ध्या पानाची जाहिरात कुठल्या मंडळाकडून आली होती ते बघितलंत का? प्रसिद्धीपत्रक कोण पाठवतं, आणि त्यातल्या पहिल्या पाच ओळी उपस्थित मान्यवरांच्या नावांत का जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. छोट्या पेपरांचीच ही गत आहे असंही नाही. 2016 च्या आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगलेंना समालोचनातून अचानक वगळलं गेलं, आणि कारण आपल्याला कोणी सांगितलेलं नाही असं त्यांनी स्वतः जाहीरपणे लिहिलं. खेळ भरवणाराच खेळाबद्दल बोलणाऱ्याचा पगार देतो तिथे आवाज जपूनच निघतो.

आता काका. 'खाल्ल्या घरचे वासे' हा टोमणा चारचौघांत मारला म्हणून जास्त लागला असणार. त्याला तात्त्विक उत्तर देऊ नका, काका लोकांना तत्त्वज्ञान सांगून उपयोग नसतो. त्यांना क्रिकेटचे पंच पिलू रिपोर्टर यांची आठवण करून द्या. काका जुने ठाणेकर असतील तर त्यांना माहीत असतील, आपल्या ठाण्यातच राहायचे, 2023 मध्ये ठाण्यातच त्यांचं निधन झालं. (क्रीडा पानावरच्या सल्ल्यात रिपोर्टर आडनावाचा पंच यावा, हा निव्वळ योगायोग!) 1986 मध्ये वेस्ट इंडिजचा संघ पाकिस्तानात होता. पाकिस्तानी पंच घरच्यांना झुकतं माप देतात अशी पाहुण्या संघांची जुनी ओरड होती. कर्णधार इम्रान खान यांनी त्रयस्थ पंचांचा आग्रह धरला, आणि लाहोरच्या कसोटीत भारताचे व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर उभे राहिले. पाकिस्तान तो सामना एक डाव आणि 10 धावांनी हरला. पण पंचांमुळे निकाल लागला असं म्हणायला कोणाला जागा उरली नाही. पुढे 2002 पासून कसोटीत दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे असा नियमच झाला. तर काकांना विचारा, पुढच्या वर्षी बाद फेरीच्या सामन्यांना जिल्ह्याबाहेरचे पंच बोलवायचे का? खजिनदार तेच आहेत, पंचांच्या प्रवासखर्चाची तरतूद त्यांच्याच हातात आहे. मंडळाने हे केलं तर त्याची चांगली बातमी तुम्हीच करा, मनापासून.

फक्त त्या मंडळाच्या सामन्यांची बातमी तुम्ही करू नका. सख्खा काका खजिनदार असताना तुम्ही टीका केली तर घर फुटतं आणि कौतुक केलं तर बातमीवर कोण विश्वास ठेवणार? ही गोष्ट संपादकांना आधीच सांगितलेली असायला हवी होती, त्यांना माहीत आहे असं गृहीत धरू नका. दुसरा वार्ताहर देत नसतील तर निकाल आणि गुण एवढंच द्या, विश्लेषण नको. आणि शाल-श्रीफळ. वार्ताहरांचा सत्कार ही आपल्याकडची गोड लाच आहे. नारळ घ्या, तो नाकारला तर म्हातारी माणसं दुखावतात. पण सोबत पाकीट असेल तर तिथल्या तिथे परत द्या, घरी नेऊन विचार करत बसू नका.

एक तक्रार तुमच्याकडेही. तुम्ही पाठवलेल्या त्याच पानावर महिला गटाचा अंतिम सामना झाल्याची एकच ओळ आहे, 'तर महिला गटात...' अशी, गुणसुद्धा नाहीत. 2 नोव्हेंबर 2025 ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा आपल्या भागातल्या सगळ्यांना अचानक नवी मुंबईचा अभिमान दाटून आला. मंडळाच्या मैदानावर मात्र मुलींचा सामना दुपारच्या उन्हात लावतात आणि बातमीत तो 'तर' नंतर येतो. आपल्या गावचा संघ म्हणताना कोण आपलं धरायचं, हे तुम्हीसुद्धा तपासा.

गद्दारीचं उत्तर एव्हाना तुम्हाला मिळालं असेल. हरलेल्या पोरांना शेवटच्या पाच मिनिटांत काय चुकलं ते तुमच्या बातमीत वाचायला मिळालं. शीर्षकाने त्यांना सांगितलं की तुमचं काहीच चुकलं नाही. पुढच्या स्पर्धेत 28-23 वर त्यांना कशाचा उपयोग होईल ते त्यांच्या प्रशिक्षकाला विचारा.

काम सोडायचं का? आत्ता नाही. एक शीर्षक बदललं म्हणून सोडलंत तर तुमच्या जागी प्रसिद्धीपत्रक जसंच्या तसं छापणारा कोणीतरी येईल, असे पुष्कळ आहेत. पण दुरुस्ती छापायला नकार दिला आणि पुन्हा तुमच्या नावावर दुसऱ्याचा आरोप छापला, तर त्या दिवशी सोडा. तुम्ही दिवसा नोकरी करता, पेट्रोलच्या पैशासाठी नाव गहाण ठेवायची तुमच्यावर वेळ आलेली नाही. तोवर दुरुस्तीचा मजकूर तुम्हीच लिहून न्या, त्यांनी लिहायची वाट बघू नका. त्यात त्या रायगडच्या 7 नंबरचं पूर्ण नाव आणि त्याच्या संघाचं गाव घाला. गुणपत्रिकेवर नुसता नंबर आहे, तेव्हा नाव मिळवायला एक फोन पलीकडच्या प्रशिक्षकांनाही करावा लागेल.